दारू सोडणाऱ्यांचा गट असतो, तसा त्यांच्या घरच्यांचाही असतो



गटांची कर्ज खाती तपासताना एक शब्द मला सारखा भेटतो. हप्ता थांबला की कारणाच्या रकान्यात सचिव ताईंनी लिहिलेलं असतं, "घरात आजारपण". बैठकीत त्यावर कुणी जास्त विचारत नाही, कारण आजारपण कसलं ते सगळ्यांना ठाऊक असतं. मालकांनी दुधाचे पैसे परस्पर उचलले, नाहीतर कारखान्याची उचल हायवेच्या ढाब्यावर संपली. तो शब्द लाजेपोटी लिहिलेला असतो, पण खरं सांगू का, तो अगदी बरोबर आहे. दारूचं व्यसन हा आजारच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो आहे, त्याच्यावर उपचार आहेत आणि त्यातून उठलेली माणसं महाराष्ट्रात हजारोंनी आहेत.

दिल्लीच्या एम्स संस्थेनं केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली होती. तिचा अहवाल २०१९ साली आला. देशात सुमारे १६ कोटी माणसं दारू पितात आणि त्यातल्या पावणेसहा कोटींच्या आसपास माणसांना तिच्यामुळं मदतीची गरज आहे, असं त्यात लिहिलंय. त्यापेक्षा मला दुसरा आकडा जास्त लागला. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागं फक्त एकानं कसले तरी उपचार घेतले होते. उरलेले ३७ घरीच, आणि त्यांचं सगळं बघायला घरातली बाई.

मी पंचविशीतली, लग्न न झालेली. "तुला काय कळतंय गं यातलं" असं काहीजणी म्हणतात, ते बरोबरच आहे. म्हणून या पाठात संसाराचा सल्ला देत नाही. एवढंच सांगते, की दारू सुटावी म्हणून बसणारे गट कसे असतात, ते कुठं शोधायचे, आणि मालक यायला तयार नसले तरी तुमच्यासाठी वेगळा गट असतो तो कसला.

आधी जिवाचं बघा

गटाकडं जायच्या आधीची एक गोष्ट नीट वाचा, कारण तिच्यात जीव जाऊ शकतो. जो माणूस रोज भरपूर पितो, सकाळी उठल्या उठल्या ज्याला लागते, त्यानं एकदम दारू बंद केली तर शरीर उलटतं. सहा-आठ तासांतच हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, झोप लागत नाही, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात. अंगावर मुंग्या चढतात, कोपऱ्यात साप दिसतो, मेलेली माणसं हाका मारतात. आपल्याकडं लगेच "बाहेरचं झालंय" म्हणतात आणि देवऋषाकडं नेतात. ताईंनो, ते बाहेरचं नाही. दारू एकदम तुटल्यामुळं मेंदू बिथरलेला असतो. अशा वेळी १०८ ला फोन करून गाडी बोलवायची आणि दवाखाना गाठायचा. डॉक्टरांना न लपवता सांगायचं, "रोज इतकी प्यायचे, अमुक दिवसापासून बंद आहे." एवढ्या एका वाक्यानं उपचार बदलतात.

घरात कोंडून ठेवून, बांधून ठेवून दारू सोडवायची हा प्रकार अजून ऐकू येतो. तो करू नका. माळ घालायची असेल, देवापुढं शपथ घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण रोज पिणाऱ्यानं त्याआधी डॉक्टरांना दाखवायचं. ही थरथर आणि फिट टाळण्यासाठी औषधं असतात, व्हिटॅमिनची इंजेक्शनं असतात. दवाखान्यात हे काही दिवसांत आटोक्यात येतं.

दुसरं त्या पुड्यांचं. "न सांगता जेवणात मिसळा, दारू सुटेल" अशा जाहिराती एसटीत, भिंतींवर चिकटवलेल्या असतात, आता मोबाइलवरही येतात. बैठकीनंतर मला हळूच बाजूला घेऊन विचारलेला सगळ्यात जास्त प्रश्न हाच, "मॅडम, ती पूड खरी असते का?" त्या पुडीत नेमकं काय असतं ते विकणाराही सांगत नाही. डायसल्फिराम नावाची एक गोळी खरोखर असते. ती घेतलेली असताना दारू प्यायली की अंग लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब एकदम उतरतो, आणि क्वचित माणूस दगावतोही. म्हणून डॉक्टर ती पेशंटला सगळं समजावून, त्याच्या मर्जीनं आणि तपासण्या करूनच देतात. कालवणातून गुपचूप द्यायची ती गोष्ट नाही. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी उद्या काही बरंवाईट झालं तर ते तुमच्याच अंगावर येणार.

आणि उजनीच्या पाण्यावर रात्रीची जाळी टाकायला जाणाऱ्यांसाठी एक जाता जाता. "थंडीत घेतली की ऊब येते" हे खोटं आहे. कातडीला ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर पडून अंग उलट लवकर गार पडतं. त्यात तोल जातो. होडीत तो किती महागात पडतो हे धरणाकाठच्या बायांना मी सांगायला नको.

दवाखान्यानंतर काय?

दवाखान्यात शरीर ताळ्यावर येतं. मग माणूस घरी येतो. घरी तीच वाट, तोच ढाबा, तेच दोस्त, संध्याकाळची तीच सहाची वेळ. इथं खरी गरज पडते ती गटाची.

हा विचार कुठून आला ते थोडं सांगते, कारण ती गोष्ट आपल्या बचत गटासारखीच आहे. अमेरिकेत अक्रन नावाच्या गावात १९३५ साली दोन दारुडे भेटले. एक बिल, शेअर बाजारात काम करणारा. दुसरा डॉक्टर बॉब, शस्त्रक्रिया करणारा सर्जन. बिलची दारू नुकती सुटली होती, पण परगावी आल्यावर त्याला पुन्हा प्यावंसं वाटायला लागलं. त्याला उमगलं, की आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाशी बोललो तर आपली आजची वेळ टळते. त्याला डॉक्टर बॉब भेटला, आणि दोघं तासन्‌तास बोलत बसले. उपदेश कुणी कुणाला केला नाही, आपापलं काय झालं तेवढं सांगितलं. त्या वर्षी १० जूनला डॉक्टर बॉबनं शेवटचा घोट घेतला. त्या दिवसापासून अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ज्याला सगळे 'एए' म्हणतात, तो गट सुरू झाला असं मानतात. आपल्या देशात एए १९५७ पासून आहे, आणि मराठीतून बसणाऱ्या बैठकाही आहेत.

समाजकार्याचं शिक्षण घेताना मी पुण्यात एका खुल्या बैठकीला जाऊन बसले होते. शाळेचा वर्ग होता, वीसेक खुर्च्या, कोपऱ्यात चहा. हजेरीपट नाही, फी नाही, फॉर्म नाही. शेवटी एक थैली फिरते, ज्याला जमेल त्यानं टाकायचं, नाही टाकलं तरी कुणी बघत नाही. बाहेरच्या कुणाची देणगी ते घेतच नाहीत. सभासद व्हायला एकच अट, दारू थांबवायची इच्छा. सुटलेली पाहिजे असंसुद्धा नाही, नुसती इच्छा पुरते.

एकेक जण उठतो, फक्त स्वतःचं नाव सांगतो, आणि मी दारुडा आहे असं म्हणून बोलायला लागतो. आडनाव सांगत नाहीत. ओळख बाहेर फुटू नये म्हणून तशी रीत आहे. पण मला तिथं बसल्या बसल्या वाटलं, आपल्याकडं आडनाव गेलं की जात गेली, भावकी गेली, कुणाचा कोण ते सगळं गेलं. बागायतदार आणि त्याच्या शेतावर ऊस तोडणारा शेजारी शेजारी बसू शकतात ते त्यामुळंच. बोलणाऱ्याला मध्ये कुणी तोडत नाही. सल्ला देत नाही. "असं कसं केलंस रे" असं म्हणत नाही. त्या दिवशी एका काकांनी पोरीच्या लग्नातला प्रसंग सांगितला. तो इथं लिहिणार नाही, कारण तिथं ऐकलेलं तिथंच ठेवायचं हा तिथला पहिला नियम. एवढंच सांगते, की खोलीतले सगळे पुरुष मान खाली घालून ऐकत होते आणि कुणालाच नवल वाटलेलं दिसलं नाही.

एएच्या बारा पायऱ्या असतात. पहिली पायरी म्हणजे दारूपुढं आपलं काही चालत नाही हे कबूल करणं. आपल्या गावातल्या पुरुषांना हीच सगळ्यात जड जाते, कारण "मी कधीही सोडू शकतो" हे त्यांचं पेटंट वाक्य. पुढच्या पायऱ्यांत आपण कुणाकुणाचं नुकसान केलं त्याची यादी करणं, जमेल तिथं भरपाई करणं, असं येतं. देवाचा उल्लेख आहे, पण कुठल्या एका धर्माचा नाही. ज्याला जसा मानायचा तसा मानावा. आणि आयुष्यभर पिणार नाही अशी शपथ तिथं कुणी घालत नाही. आजचा दिवस प्यायची नाही एवढंच. उद्याचं उद्या.

आपल्या भागात पालखीच्या वेळी माळ घालून दारू सुटलेली माणसं असतात. त्यांच्याकडं जरा नीट बघा. माळ गळ्यात असते, पण तिला धरून ठेवणारी दिंडी असते, एकादशीची संगत असते, काकड्याला आला नाही तर विचारायला येणारे चार जण असतात. एकट्यानं घातलेली माळ आणि संगतीतली माळ यांत फरक पडतो. आपल्या गटाचंही तसंच आहे की. बँकेच्या भीतीनं हप्ता कमी येतो. दर बैठकीला दहा जणींच्या समोर बसायचंय म्हणून जास्त येतो.

पुण्यातलं मुक्तांगण

महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचं नाव निघालं की मुक्तांगणचं निघतंच. लेखक अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनात अडकलेल्या पोरांवर लेख लिहिले होते. ते पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी वाचले आणि आर्थिक मदत देऊ केली. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू केलं. १९९७ मध्ये त्या कॅन्सरनं गेल्या. आता त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर काम बघतात. तिथं बरीच वर्षं ३५ दिवसांचा निवासी उपक्रम चालत आलाय, आणि तिथले कितीतरी कार्यकर्ते पूर्वी तिथलेच पेशंट होते. ज्याला सगळे बहाणे स्वतःच करून झालेत, त्याच्यापुढं नव्या पेशंटचे बहाणे चालत नाहीत.

मला तिथलं जे जास्त महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे 'सहचरी'. पेशंटच्या बायकोचा वेगळा गट. नवरा बरा होऊन येईल तेव्हा येईल, तोवर या बाईचं काय झालंय ते बघायला नको का, हा विचार त्यामागं आहे. आता आपल्या मुद्द्याकडं येऊ.

आपली बैठक

एएच्या सुरुवातीच्या दिवसांत पुरुष आत बैठकीला बसायचे आणि त्यांच्या बायका बाहेर थांबायच्या, चहा करायच्या. चहा करता करता त्या एकमेकींशी बोलायला लागल्या. प्रत्येकीला वाटायचं आपल्याच घरात असं आहे. बोलल्यावर कळलं, सगळ्यांच्या घरची गोष्ट एकच. बिलची बायको लोइस हिनं मैत्रीण ॲन हिच्या सोबतीनं १९५१ मध्ये अशा घरच्या माणसांच्या गटांची मिळून संघटना उभी केली. तिचं नाव अल-अनॉन. १९५७ पासून दारुड्यांच्या वयात आलेल्या पोरांसाठी अलटीनही आहे.

या गटाला जायला नवऱ्याची दारू सुटलेली असावी लागत नाही. त्याची परवानगी लागत नाही. तो अजून रोज पीत असला, "मला काही झालेलं नाही" म्हणत असला, तरी तुम्ही जाऊ शकता. आई, बहीण, सून, कुणीही.

तिथं पहिल्यांदा जे कानावर पडतं ते साधं असतं. त्याची दारू तुमच्यामुळं लागली नाही. तुम्ही ती ताब्यात ठेवू शकत नाही. आणि तुम्ही ती बरीही करू शकत नाही. आपल्याकडच्या बाईला यातलं पहिलं वाक्य ऐकायला फार वर्षं लागतात. कारण सासरी कायम उलटं ऐकलेलं असतं, "तुझ्या पायगुणानं", "तुझी कटकट म्हणून पितो तो". तीच सासू लेकाच्या उशाशी रात्रभर जागत असते हेही खरं, तिच्यासाठीही हा गट आहे.

मग हळूहळू कळायला लागतं, की आपण माया म्हणून जे करतो त्यातल्या काही गोष्टी दारूलाच हातभार लावतात. टपरीवरची त्याची उधारी आपण भागवतो. मुकादमाला फोन करून "त्यांना ताप आहे" म्हणतो. रस्त्यावर पडला तर लोकांनी बघू नये म्हणून ओढत घरी आणतो, सकाळी काहीच झालं नाही असं दाखवतो. आणि गटातून शेळीसाठी म्हणून उचललेल्या कर्जातून त्याचे देणेकरी गप्प करतो. हे शेवटचं मी खाती बघून सांगतेय, कुणाच्या घरात डोकावून नाही. असं केल्यानं त्याच्या पिण्याची किंमत त्याच्यापर्यंत पोचतच नाही, ती तुम्ही भरत राहता. अल-अनॉनमध्ये बायका एकेक करून हे थांबवायला शिकतात. त्याला जेवायला वाढायचं, पण त्याच्यासाठी खोटं बोलायचं नाही. उधारी त्याची त्यानं फेडायची. पोरांची शाळा, आपली झोप, आपली कामं त्याच्या पिण्याच्या वेळेवर चालवायची नाहीत.

याचा अर्थ मार खायचा असा नाही, हे ठळक लिहायला हवं. दारू प्यायला होता म्हणून मारलं, याला कायद्यात सूट नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ सालचा आहे. त्यात संरक्षण अधिकाऱ्यांकडं तक्रार करता येते, घरात राहायचा हक्क मागता येतो. महिलांसाठी मदतीचा नंबर १८१, आणि जीवावर बेतलं तर ११२. हाणामारी होत असेल तर आधी सुरक्षित जागा, पोरं आणि कागदपत्रं. गट नंतर.

शोधायचं कसं, जायचं कसं

बैठकांचे वार आणि जागा बदलत राहतात, म्हणून इथं छापत नाही. फोन करून विचारणं सगळ्यात खात्रीचं. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा केंद्र सरकारचा मोफत नंबर आहे. १४४१६ हा टेलिमानसचा, मनाच्या आजारांसाठीचा, तिथं मराठीत बोलता येतं. फोनवर अडखळू नका, असं विचारा: "आम्ही इंदापूर तालुक्यातून बोलतोय. बारामती, इंदापूर, दौंड किंवा पुण्यात एएची बैठक कुठल्या वारी, किती वाजता असते? मराठीत असते का? घरच्यांसाठी अल-अनॉनची बैठक आहे का?" उत्तर वहीत लिहून घ्या. एकदा "माहिती नाही" ऐकलं तर थांबू नका. एएचे आणि अल-अनॉनचे स्वतःचे मदतीचे फोनही असतात, ते इंटरनेटवर शिकलेल्या पोरीला शोधायला सांगा. फोनवरून आणि व्हिडिओवरून भरणाऱ्या बैठकाही आहेत. ज्यांना बाहेर पडणं शक्य नाही त्यांनी गोठ्यात बसून कानाला मोबाइल लावून ऐकलं तरी चालतं.

दवाखान्याचं म्हणाल तर इंदापूरचं उपजिल्हा रुग्णालय आहे, बारामतीला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथं मनोविकाराचे डॉक्टर कुठल्या दिवशी बसतात ते आशाताईंना विचारून ठेवा. "वेड्याचे डॉक्टर" म्हणून हसतात लोक, हसू द्या.

डाळजहून जायचं म्हणजे भिगवण गाठायचं आणि तिथून बारामतीची एसटी, किंवा पुण्याला जायचं तर हायवेवरून सरळ गाडी. जाऊन येऊन अर्धा दिवस मोडतो, पुण्याला पूर्ण. एकटीनं पहिल्यांदा जाणं अवघड वाटतं म्हणून दोघी-तिघी मिळून जा. गटातल्या दोघींचं दुखणं एकच असेल, तर बाजाराच्या निमित्तानं जाणं जमतं. पहिल्या बैठकीत बोलायलाच पाहिजे असं नाही. "आज फक्त ऐकते" म्हटलं तरी चालतं. एका बैठकीवरून ठरवू नका. अल-अनॉनचीच पद्धत आहे, सहा बैठका तरी करून बघा आणि मग ठरवा आपल्याला रुचतंय का. आपला बचत गट तरी पहिल्या बैठकीत कुठं कळला होता?

मालकांना सांगायचं कधी? प्यायलेले असताना अजिबात नाही. सकाळी, शुद्धीवर असताना, पोरांसमोर नाही, सासू-सासऱ्यांसमोर नाही. "तुम्ही दारुडे आहात" हे वाक्य न वापरता काय घडलं ते सांगायचं. "परवा रात्री तुम्ही मोटारसायकलवरून पडलात, मला रात्रभर झोप लागली नाही. बारामतीला अमुक वारी माणसं बसतात, एकदा जाऊन ऐकू. खुली बैठक असेल तर मी सोबत येते." खुल्या बैठकीत घरच्यांना बसता येतं. बंद बैठक फक्त पिणाऱ्यांसाठी असते. नाही म्हणाले तर तिथंच सोडा, भांडण नको. अपघात झाला, नोकरी गेली, डॉक्टरांनी लिव्हरचा रिपोर्ट दाखवला, अशा वेळी माणूस ऐकायच्या तयारीत असतो. तेव्हा वार आणि वेळ वहीत लिहिलेली असली म्हणजे झालं.

घसरले तर

महिनाभर, वर्षभर बंद होती आणि पुन्हा घेतली, असं होतं. पुष्कळांचं होतं. आजार असा आहे, की साखरेच्या पेशंटची साखर जशी पुन्हा वाढते तसाच हा उलटतो. घसरायच्या वेळा आपल्याकडं ठरलेल्या आहेत. कारखान्याची पट्टी झाली, जत्रेचं मटण, भावकीतलं लग्न, आणि निवडणूक. निवडणुकीत फुकटची येते, तिच्यासारखी वाईट दुसरी नाही. अशा दिवसांच्या आदल्या आठवड्यात बैठक चुकवायची नाही, असं एएतले जुने लोक सांगतात. घसरल्यावर घरात "बघ, म्हणत होते ना" हे वाक्य आलं की तो बैठकीला जायचंही बंद करतो. तो पुन्हा जाऊन बसला, तर तिथं त्याला कुणी हाकलत नाही. दारू सुटल्याला वर्ष झालं की बैठकीत वाढदिवस करतात. पन्नाशीच्या माणसाचा पहिला वाढदिवस.

बायकाही पितात, हे आपण बोलत नाही. त्या पाहणीत पिणाऱ्या बायकांचं प्रमाण शंभरात दोघींहूनही कमी आलं होतं, पण त्यांच्या वाट्याला येणारी लाज पुरुषांपेक्षा किती तरी जास्त. मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. अशी एखादी तुमच्या वस्तीत असेल तर तिच्या नावानं हसू नका, हा कागद तिच्यापर्यंत पोचवा.

आपला गट काय करू शकतो

ग्रामसंघात दोन-तीनदा सूचना आली, की आपणच दर आठवड्याला दारुड्यांना बोलावून बैठक घेऊ. मला ते पटत नाही. ज्यांच्यावर नवऱ्यांनी हात टाकलाय त्यांच्यासमोर बसून नवरे खरं बोलणार नाहीत, आणि बोलले तर ते दुसऱ्या दिवशी हापशावर ऐकू येईल. ती बैठक त्यांची त्यांनीच चालवायला हवी. एएची रीत सोपी आहे. दोन-तीन जण दारूपासून लांब राहायचं म्हणून एकत्र बसले, की गट झाला. आपण जागा देऊ शकतो. समाजमंदिराची किल्ली, चहाची साखर, आणि संध्याकाळी तिकडं कोण गेलं ते न मोजणं. गावातलं दुकान बंद करायला आडवी बाटली करणं हे वेगळं काम आहे, तेही चांगलं आहे, पण दुकान बंद झालं तरी डाळजच्या माणसाला हायवेवर पिता येतंच.

आणि ज्या ताई अल-अनॉनला किंवा सहचरीसारख्या गटाला जातील, त्यांचा एसटीचा खर्च गटाच्या आरोग्य निधीतून द्यायचा का, हे तुम्ही ठरवा. दिलात तर ठराव करताना कारणाच्या रकान्यात नाव-गाव न लिहिता "आरोग्य" एवढंच लिहा.

पुढच्या बैठकीत हा पाठ एकीनं मोठ्यानं वाचा आणि मग या प्रश्नांवर बोला. नवऱ्यांची नावं न घेता बोला.

आपल्या गावात दारू एकदम तुटल्यामुळं कुणाला भास किंवा फिट आल्याचं आठवतंय का, आणि तेव्हा त्याला आधी कुठं नेलं होतं?

माया म्हणून केलेल्या कुठल्या गोष्टी दारूला हातभार लावतात? आपल्यातल्या कोण कोण टपरीची उधारी भागवतं?

गटात बोललेलं गटाबाहेर जाऊ नये म्हणून आपण काय नियम करू, आणि तो मोडला तर काय?

१४४४६ ला फोन कोण करणार, आणि कुठल्या दिवशी?